सोन्याच्या मुखवट्याआडचा मुलगा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

रेडिओवर प्राचीन इजिप्तबद्दल बोलायचं ठरलं, तेव्हा मला आधी आठवली ती रेडिओचीच एक गोष्ट. १६ एप्रिल १९३९ रोजी बीबीसीने कैरोच्या वस्तुसंग्रहालयातून एक कार्यक्रम प्रसारित केला. ब्रिटिश फौजेच्या बँडमधल्या एका वादकाने त्यात दोन कर्णे वाजवून दाखवले. एक चांदीचा, दुसरा तांब्याच्या मिश्रधातूचा. दोन्ही सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचे आणि एकाच राजाच्या थडग्यातून निघालेले. त्या प्रसारणाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. आवाज काहीसा कर्कश, काहीसा थरथरता आहे. आपल्या तुतारीसारखा घुमत नाही. तरी तो ऐकताना अंगावर काटा येतो. आणि मग मनात येतं, ज्याच्या स्वारीपुढे हे कर्णे वाजायचे, तो स्वतः तेव्हा केवढा असेल? दहा वर्षांचा? बारा वर्षांचा?

हा राजा म्हणजे तुतनखामुन. आपल्याकडे कुणी तुतनखामेन लिहितात, कुणी तुतानखामून. प्राचीन इजिप्तच्या लिपीत स्वर लिहीतच नसत, त्यामुळे खरा उच्चार कसा होता हे छातीठोकपणे सांगता येत नाही. नावाचा अर्थ मात्र स्पष्ट आहे: आमुन देवाची जिवंत प्रतिमा. त्याचा सोन्याचा मुखवटा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. पाठ्यपुस्तकात, कॅलेंडरवर, कुठे ना कुठे. या मुखवट्याचंच कौतुक इतकं झालं की त्याच्याआड असलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा कोण होता, कसा जगला, कसा गेला, हे विचारायचं राहून जातं. आज मला बोलायचं आहे ते त्या मुलाबद्दल.

त्याचा जन्म इसवी सनपूर्व १३४१च्या सुमाराचा. इजिप्त तेव्हा वैभवाच्या शिखरावर होतं. आजोबा तिसरा आमेनहोतेप याने थीब्ज नगरी, म्हणजे आजचं लक्सर, मंदिरांनी भरून टाकली होती. त्याच्या मागून गादीवर आलेल्या मुलाने मात्र सगळंच उलटंपालटं केलं. त्याने अखेनातेन हे नाव घेतलं, आणि आतेन, म्हणजे आकाशातलं सूर्यबिंब, हाच पूजनीय देव असं ठरवलं. राष्ट्रदेव असलेल्या आमुनचं नाव भिंतींवरून छिन्नीने खरवडून काढण्यात आलं. थीब्ज सोडून त्याने उत्तरेला, नाईलच्या काठी ओसाड वाळवंटात नवी राजधानी वसवली. त्या जागेला आज अमर्ना म्हणतात.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण ते आपल्या ओळखीच्या मुलखात जाणारं आहे. अमर्नाच्या अवशेषांत १८८७ साली मातीच्या भाजलेल्या विटांवर लिहिलेला पत्रव्यवहार सापडला. त्यात मितन्नी राज्याचा राजा तुश्रत्त याची पत्रं आहेत. आपली मुलगी त्याने इजिप्तच्या राजाला दिली होती, आणि बदल्यात सोनं कमी मिळालं म्हणून त्याची कुरकुर चालू असे. या तुश्रत्ताच्या नावात विद्वानांना ‘त्वेषरथ’ असा संस्कृतसारखा शब्द दिसतो. पुढे याच मितन्नीच्या एका राजाने हित्ती सम्राट शुप्पिलुलिउमा याच्याशी तह केला. त्या तहाला साक्षी म्हणून ज्या देवतांची नावं घातली आहेत, त्यांत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य आहेत. आपला तुतनखामुन याच काळातला. हा हित्ती सम्राट लक्षात ठेवा. गोष्टीच्या शेवटाकडे तो पुन्हा येणार आहे.

तर अमर्नाच्या या राजवाड्यात वाढलेल्या मुलाचं पहिलं नाव तुतनखातेन होतं. शेवटी ‘आतेन’, ‘आमुन’ नव्हे. एका दगडी चिऱ्यावर ‘राजपुत्र’ असा त्याचा उल्लेख सापडला आहे. त्याची दाई माया हिचं थडगं १९९६ साली सक्कारा इथे उजेडात आलं. तिथल्या भिंतीवर तो तिच्या मांडीवर बसलेला कोरला आहे. आईचं चित्र मात्र कुठे नाही. ते प्रकरण निराळं आहे, त्याच्याकडे येतोच.

अखेनातेनने सुमारे सतरा वर्षं राज्य केलं. त्याच्यानंतर एक-दोन अल्पकाळचे राज्यकर्ते आले आणि गेले. ते नेमके कोण, यावर पंडितांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत. आपण त्या वादात शिरायला नको. इसवी सनपूर्व १३३२च्या आसपास आठ-नऊ वर्षांच्या या मुलाच्या मस्तकावर मुकुट आला, एवढं आपल्याला पुरे. लग्नही झालं. बायको आंखेसेनपातेन ही अखेनातेन आणि नेफर्तिती यांची तिसरी मुलगी, म्हणजे नवऱ्याची सावत्र बहीण. वयाने त्याच्यापेक्षा थोडी मोठी. राजरक्त घराबाहेर जाऊ नये म्हणून तिथल्या राजघराण्यात असे विवाह होत.

आठ वर्षांचा मुलगा राज्य काय करणार? कारभार पाहणारे दोघं होते. एक वयोवृद्ध मुत्सद्दी, ज्याचं नाव ‘आय’. आपल्या कानाला हे नाव गमतीचं वाटेल, पण गृहस्थ पक्का दरबारी होता. दुसरा सेनापती होरेमहेब. या दोघांच्या राजवटीत अखेनातेनचं बंड गुंडाळलं गेलं. राजाचं नाव बदलून तुतनखामुन झालं, राणीचं आंखेसेनामुन झालं. दरबाराने अमर्ना सोडलं. कर्नाकच्या मंदिरात एक मोठी शिळा उभारली गेली. देवळं ओस पडली होती, अंगणात रान माजलं होतं, देव हाकेला ओ देत नव्हते आणि फौजेला यश येत नव्हतं. ते सगळं या राजाने पुन्हा सुरळीत केलं, असा तिच्यावरच्या मजकुराचा आशय आहे. शिळेवर बोलतो तो राजा. पण दहा-अकरा वर्षांच्या पोराने आपल्या बापाचा धर्म मोडीत काढण्याचा हुकूम स्वतःच्या बुद्धीने काढला असेल, असं मला काही वाटत नाही. पुढे होरेमहेब स्वतः राजा झाल्यावर त्याच शिळेवरचं तुतनखामुनचं नाव घासून त्याने आपलं कोरलं. पुण्यकर्म केलं एकाने, श्रेय घेतलं दुसऱ्याने आणि नाव होतं तिसऱ्याचं, असला हा प्रकार.

हे झालं सरकारी लिखाण. मुलगा भेटतो तो त्याच्या थडग्यातल्या सामानात. तिथून ५,३९८ वस्तू निघाल्या. त्यांतल्या सोन्याच्या वस्तूंचं वर्णन सगळीकडे वाचायला मिळतं. आतली शवपेटी भरीव सोन्याची, ११० किलो वजनाची. मुखवटा दहा किलोंच्या वर. मला मोह पडतो तो दुसऱ्या वस्तूंचा. लहान मुलाच्या मापाची एक शिसवीची खुर्ची आहे, हस्तिदंताची नक्षी असलेली. हातमोजे आहेत. सोंगट्यांच्या खेळाचे पट आहेत. ‘सेनेत’ नावाच्या या खेळाचा तो शौकीन असावा, कारण एकाहून अधिक पट बरोबर दिले आहेत. गोफणी, धनुष्यं, फेकून पक्षी मारायच्या वाकड्या काठ्या आहेत. लाकडं एकमेकांवर घुसळून विस्तव पाडण्याचं साधन आहे. एकात एक बसणाऱ्या इवल्या शवपेट्यांच्या आत आजीच्या, राणी तियेच्या, केसांची बट जपून ठेवलेली आहे. आणि एक वेताची काठी आहे. तिला सोन्याचा साज चढवलाय आणि लिहून ठेवलंय की हा वेत महाराजांनी स्वहस्ते तोडला. नदीकाठी फिरताना मुलगा वेत तोडतो, बरोबरचे लोक कौतुक करतात आणि ती काठी जन्मभराची होते. राजा असला तरी मूल ते मूलच.

खायचं सामानही भरपूर. खजूर, अंजिरं, मधाचे बुधले, हरभरे, मसूर. बदकं तर भाजून लाकडी डब्यांत भरलेली. मसाल्याच्या जिनसांत धणे, मेथी, कलौंजी आणि लसूण. म्हणजे आपल्याकडच्या गृहिणीला ते कोठीघर फारसं परकं वाटलं नसतं. दारूच्या घटांवर तर कारकुनी काटेकोरपणे राज्यारोहणाचं वर्ष, मळ्याचं नाव आणि मद्य करणाऱ्या मुख्य माणसाचं नाव लिहिलेलं आहे. या वर्षांवरूनच त्याने नऊ-दहा वर्षं राज्य केलं हे ठरवता आलं. शिलालेख थापा मारू शकतात. दारूच्या घटावरचं लेबल सहसा मारत नाही.

आता हे सगळं तीन हजार वर्षं टिकलं कसं? उत्तर थोडं विचित्र आहे. तो विस्मृतीत गेला म्हणून टिकलं. नंतरच्या राजांनी अखेनातेनच्या घराण्याचा इतका राग धरला की अबिडोसच्या मंदिरातल्या राजांच्या यादीतून ही सगळी नावं गाळून टाकली, त्यात हा पोरही गेला. दफनानंतर लवकरच चोर दोनदा आत शिरले होते, पण फार काही नेऊ शकले नाहीत. नंतर दरीतल्या पुराने दगडगोटे वाहून आणले, आणि शे-दोनशे वर्षांनी सहाव्या रामसेसच्या थडग्यावर राबणाऱ्या मजुरांनी नेमक्या त्याच जागी झोपड्या बांधल्या. खाली कुणी राजा आहे याची दाद ना फिर्याद.

शोधाची कथा सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. लॉर्ड कार्नार्व्हनचा पैसा आणि हॉवर्ड कार्टरची चिकाटी. अनेक हंगाम हात हलवीत परतल्यावर शेवटचा म्हणून केलेल्या खोदकामात ४ नोव्हेंबर १९२२ रोजी पहिली पायरी लागली, आणि २६ नोव्हेंबरला दुसऱ्या दाराला भोक पाडून कार्टरने मेणबत्तीच्या उजेडात आत पाहिलं. प्रत्यक्षात फावडी आणि टोपल्या ज्यांच्या हातात होत्या ते इजिप्शियन मुकादम आणि मजूर छायाचित्रांत दिसतात. नावं फार थोड्यांची ठाऊक आहेत. थडगं रिकामं करून सामान जपण्याचं काम पुढे दहा वर्षं चाललं. कार्टर त्यात अत्यंत काटेकोर होता, हे त्याच्या टीकाकारांनाही मान्य आहे.

पण वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना एक गोष्ट सांगायलाच हवी. कार्नार्व्हनने या शोधाच्या बातम्यांचे हक्क लंडनच्या ‘द टाइम्स’ला पाच हजार पौंडांना विकले. इजिप्त त्याच वर्षी, फेब्रुवारी १९२२मध्ये, ब्रिटिशांच्या संरक्षणातून नावापुरतं का होईना मोकळं झालं होतं. आणि तिथल्या पत्रकारांना आपल्याच राजाची बातमी लंडनहून उतरवून घ्यावी लागत होती! संताप होणारच. सरकार आणि कार्टर यांचं इतकं बिनसलं की १९२४ साली काम बंद पडलं. पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे सापडलेल्या वस्तूंत खोदणाऱ्याला वाटा मिळे. इजिप्तने तो देण्यास ठाम नकार दिला. कार्नार्व्हनच्या कुटुंबाला पुढे खर्चाची भरपाई मिळाली आणि खजिना देशातच राहिला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे.

ते ‘शापा’चं प्रकरणही या बातम्यांच्या भांडणातूनच फोफावलं. ज्या वार्ताहरांना दारात उभं केलं जात नव्हतं, त्यांना छापायला काहीतरी हवं होतं. ५ एप्रिल १९२३ रोजी कार्नार्व्हन कैरोत वारला. गालावर डास चावला होता, दाढी करताना ती जागा कापली, रक्त दूषित झालं आणि पुढे न्यूमोनिया झाला. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून पाच वर्षं होती. असं मरण तेव्हा घरोघरी येत असे. दारावर शाप वगैरे काही लिहिलेलं नव्हतं. सर्वांत आधी आत शिरणाऱ्यांत कार्नार्व्हनची मुलगी इव्हलिन होती, ती १९८०पर्यंत जगली. ममीची चिरफाड करणारे डॉक्टर डेरी १९६१ साली वारले. शापाला इतका उशीर परवडत नसावा.

चिरफाड हा शब्द मी मुद्दाम वापरला. १९२५च्या हिवाळ्यात सोन्याची पेटी उघडली, तेव्हा दफनाच्या वेळी अंगावर ओतलेली राळ दगडासारखी घट्ट झाली होती आणि देह तळाला चिकटला होता. पेटी उन्हात ठेवून पाहिली, राळ वितळेना. मग तापवलेल्या सुऱ्या घातल्या. मुखवटा सोडवण्यासाठी शिर वेगळं झालं, हातपाय सांध्यांशी सुटे केले. कापडाच्या थरांतून शंभरावर दागिने निघाले. मांडीजवळ लोखंडी पात्याचा खंजीर होता. ते लोखंड उल्केतलं, हे २०१६ साली त्यातल्या निकेल आणि कोबाल्टच्या प्रमाणावरून दाखवून दिलं गेलं. सगळं झाल्यावर देहाचे भाग वाळूच्या तबकात नीट जुळवून १९२६मध्ये पुन्हा थडग्यात ठेवले. त्या काळाच्या पद्धती तशा होत्या हे मान्य. पण हा राजा कसा मेला हे सांगणं पुढे इतकं कठीण का झालं, याचं निम्मं उत्तर त्या तापलेल्या सुऱ्यांत आहे.

आणि आता तोच प्रश्न. तो मेला कसा?

केव्हा गेला, याचा अंदाज फुलांवरून लागतो. शवपेटीवरच्या माळांत निळी झेंडूसारखी दिसणारी रानफुलं होती, ती इजिप्तमध्ये मार्च-एप्रिलमध्ये फुलतात. देह मीठवजा खारात सुकवून लेप देण्याच्या विधीला सत्तर दिवस लागत. म्हणजे मृत्यू ऐन थंडीतला. तो अनपेक्षित होता, हेही दिसतं. थडगं राजाला न शोभेल इतकं लहान आहे. बहुधा दुसऱ्या कुणासाठी खोदलेलं. दगडी पेटी एका दगडाची, झाकण दुसऱ्याच दगडाचं, आणि तेही तडकलेलं, रंग लावून सारखं केलेलं. सगळ्यांत बाहेरच्या लाकडी पेटीचे पाय उंच झाले आणि झाकण बसेना, तेव्हा तिथल्या तिथे तासले. त्याचे छिलके आत तसेच राहिले. काही वस्तूंवर आधीच्या राज्यकर्त्याचं नाव पुसून याचं लिहिलेलं आहे. चित्रांवर तपकिरी ठिपके आहेत, ते बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांचे. भिंतींचा रंग ओला असतानाच दार बंद केलं, असा त्याचा अर्थ लावतात.

घाई म्हटली की संशय आलाच. १९६८ साली लिव्हरपूल विद्यापीठाच्या प्राध्यापक हॅरिसन यांनी थडग्यातच ममीचे एक्स-रे काढले. कवटीच्या आत हाडाचे तुकडे दिसले. झालं, डोक्यात मागून घाव घालून राजाचा खून झाला, ही कथा जगभर पसरली. संशयित तयारच होते, आय आणि होरेमहेब. दोघंही पुढे राजे झाले. कथा इतकी चपखल की ती खोटी ठरावी असं कुणाला वाटेना.

जानेवारी २००५मध्ये डॉ. झाही हवास यांच्या नेतृत्वाखालच्या इजिप्शियन पथकाने ममीचं सीटी स्कॅन केलं. सीटी स्कॅन म्हणजे देहाचे पावाच्या कापांसारखे पातळ काप, पण सुरी न लावता. सतराशेच्या वर प्रतिमा निघाल्या. ते हाडाचे तुकडे कवटीत मोकळे होते. घाव जिवंतपणी बसला असता, तर मागाहून कवटीत ओतलेल्या राळेत ते तुकडे अडकून बसायला हवे होते. म्हणजे ते मृत्यूनंतर सुटले. खुनाचा खटला निकालात निघाला.

त्याच तपासणीत दुसरं काही हाती लागलं. डाव्या मांडीचं हाड गुडघ्याच्या वर मोडलेलं होतं. फटीत राळ शिरली होती, म्हणजे लेप देण्याच्या आधीचं मोडणं. आणि हाड जुळून येण्याची खूण नव्हती, म्हणजे मोडल्यावर माणूस फार दिवस जगला नाही. रथातून पडला असेल, जखम चिघळली असेल. पथकातल्या काहींना मात्र हे मोडणं कार्टरच्या लोकांच्या हातून झालं असावं असं वाटलं. सुऱ्यांचा परिणाम म्हणतो तो हा.

२०१० साली त्याच पथकाने राजघराण्यातल्या ममींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकाच्या पेशीत वारशाचा निम्मा भाग आईकडून, निम्मा बापाकडून येतो. काही ठराविक जागी असलेले नमुने मोजून जुळवले, की कोण कुणाचं हे कळतं. पितृत्वाच्या दाव्यांत आपल्या न्यायालयांतही हीच रीत वापरतात. निष्कर्ष असा निघाला की तुतनखामुनचा बाप म्हणजे राजांच्या दरीतल्या पंचावन्न क्रमांकाच्या थडग्यातला पुरुष, जो बहुधा अखेनातेन. आणि आई म्हणजे जिचं नाव सापडत नाही अशी एक तरुण स्त्री, त्या पुरुषाची सख्खी बहीण. आजा-आजी दोन्हीकडून एकच. त्याच्या डाव्या पावलात व्यंग होतं आणि हाडांचा रक्तपुरवठा कमी पडून ती झिजत होती, असंही त्यांनी मांडलं. थडग्यात एकशेतीस काठ्या होत्या, काही वापरून झिजलेल्या. एका सोनेरी देव्हाऱ्यावरच्या चित्रात तो बसून बाण मारतो आहे. दुसऱ्या एका पेटीवर तोच रथातून शत्रूंच्या फौजांवर तुटून पडलेला दाखवला आहे. दरबारी चित्रकार काय काढतो हे धन्याच्या प्रकृतीवर थोडंच अवलंबून असतं?

शिवाय ममीत मलेरियाच्या सर्वांत घातक प्रकाराच्या जंतूंचे अंश सापडले. तेव्हा मोडलेला पाय आणि वर मलेरिया, असं मृत्यूचं कारण त्या पथकाने सुचवलं. त्यावरही आक्षेप आले. नाईलकाठी मलेरिया कायमचाच. लहानपणी त्यातून वाचलेल्याला मोठेपणी बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती असते. त्याच वर्षी जर्मनीतल्या दोघा संशोधकांनी सिकलसेलची शक्यता मांडली. गडचिरोली किंवा नंदुरबारकडच्या वाचकांना या आजाराची ओळख करून द्यायला नको. जिथे मलेरिया फार, तिथेच हा रक्तदोष टिकून राहतो, आणि हाडं अशीच झिजतात. इतक्या जुन्या डीएनएवर कितपत विसंबावं, हाही वाद आहेच. मला स्वतःला एकाच कारणावर बोट ठेवण्याचा आग्रह पटत नाही. पिढीजात दुबळी प्रकृती, दुखरं पाऊल, हिवताप आणि त्यात झालेला अपघात; आपल्या आजोळी-पणजोळीच्या काळातली मरणंही अशीच, दोन-तीन कारणांची मिळून असत.

थडग्याच्या आतल्या दालनात एका साध्या लाकडी पेटीत दोन छोट्या शवपेट्या होत्या. त्यांत दोन मुली, पूर्ण दिवस भरण्याआधीच गेलेल्या. एक साधारण पाच महिन्यांची, दुसरी त्याहून मोठी. डीएनएवरून त्या त्याच्याच मुली असाव्यात असं दिसतं. पेट्यांवर नाव नाही, मृतांना लावतात तसं नुसतं ‘ओसायरिस’. ही मुलं जगली असती तर पुढचं काही घडलं नसतं.

कारण राजा गेला आणि वंश संपला. हित्तींच्या राजधानीत, आजच्या तुर्कस्तानात, सापडलेल्या मातीच्या विटांवर शुप्पिलुलिउमाच्या कारकिर्दीची हकिकत आहे. इजिप्तच्या विधवा राणीने त्याला कळवलं की माझा पती वारला, मला मुलगा नाही, तुझ्या मुलांपैकी एक पाठव, मी त्याच्याशी लग्न करीन. माझ्या सेवकाशी लग्न करण्याची वेळ माझ्यावर यावी हे मला नको. शत्रूच्या राणीचं हे पत्र पाहून सम्राटही चक्रावला. खरंखोटं करायला त्याने माणूस पाठवला. तिने रागावून पुन्हा लिहिलं. अखेर झन्नन्झा नावाचा राजपुत्र निघाला, तो वाटेतच मारला गेला आणि दोन राज्यांत युद्ध पेटलं. ही राणी आंखेसेनामुनच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिचं वय तेव्हा विशीच्या थोडं पुढे.

राजा झाला तो म्हातारा आय. तुतनखामुनच्या थडग्याच्या भिंतीवर तो बिबळ्याचं कातडं पांघरून, मृताचं मुख उघडण्याचा विधी करताना दिसतो. हा विधी वारसाने करायचा असे. म्हणजे ओल्या भिंतीवर त्याने आपला हक्कच रंगवून घेतला. एका अंगठीवर त्याचं आणि आंखेसेनामुनचं नाव शेजारी शेजारी आहे. चारेक वर्षांत आय वारला, होरेमहेब आला आणि त्याने उरलंसुरलं पुसायला घेतलं.

१ नोव्हेंबर २०२५ रोजी गिझा इथे पिरॅमिडांजवळ नवं भव्य वस्तुसंग्रहालय रीतसर उघडलं, तिथे या राजाच्या वस्तू पहिल्यांदाच सगळ्या एकत्र मांडल्या आहेत. देह मात्र पाचशे किलोमीटर दूर, राजांच्या दरीतल्या त्या छोट्या थडग्यातच आहे. २००७पासून हवा नियंत्रित केलेल्या काचेच्या पेटीत. अंगावर पांढरं कापड, बाहेर दिसतात फक्त चेहरा आणि पावलं. आंखेसेनामुनचं मात्र त्या अंगठीनंतर कुठेच नाव येत नाही. आयच्या थडग्याच्या भिंतीवर राणी म्हणून दुसऱ्याच बाईचं चित्र आहे. तिचं स्वतःचं थडगं अजून सापडलेलं नाही.